फाटकाला दिंडी हवी

पगार, परीक्षेचे वेळापत्रक आणि मुलांच्या नोकऱ्या हे प्राध्यापकांच्या खोलीतले तीन सनातन विषय. गेल्या काही वर्षांत त्यांत चौथ्याची भर पडली आहे, तो म्हणजे शेत. कुणी कलघटगीच्या रस्त्याला दोन एकर घेतले, कुणी अळणावरच्या बाजूला आंब्याची जुनी बाग पाहून ठेवली, कुणी कुंदगोळकडच्या काळ्या रानात मित्रासोबत भागीदारी केली. एके काळी हे सोपे नव्हते. कर्नाटकच्या १९६१ च्या भूसुधारणा कायद्यातील ७९अ आणि ७९ब या कलमांनी बिगरशेतकऱ्याला, तसेच ठरावीक रकमेहून अधिक बिगरशेती उत्पन्न असणाऱ्याला शेतजमीन घेण्यास मनाई होती. २०२० साली ही कलमे वगळण्यात आली. शेतकरी संघटनांनी त्या वेळी रस्त्यावर उतरून विरोध केला. तो वाद मोठा आहे आणि तो एका लेखात मावणारा नाही. पण त्या बदलानंतर शहरातला सुशिक्षित, नोकरदार माणूस खेड्यातल्या बांधावर येऊन उभा राहिला, हे तर आपण रोज पाहतो आहोत.

बांधावर उभा राहिल्यावर तो पहिली गोष्ट कोणती करतो? पेरणी नव्हे, विहीर नव्हे, झाड लावणेही नव्हे. तो फाटक बसवतो. खरेदीखताची नोंद व्हायचा अवकाश, गवंडी, लोहार आणि सिमेंटचे खांब शेतावर हजर होतात. महिन्याभरात चारी बाजूंनी जाळी, वर काटेरी तारेच्या तीन ओळी आणि रस्त्याकडे तोंड करून एक निळे किंवा काळे लोखंडी फाटक. फाटकाला मूठभर आकाराचे कुलूप. मग रविवारी मोटार येते, कुलूप उघडते, मोटार आत जाते, कुलूप पुन्हा लागते. आतमध्ये पेरलेले काहीच नसते, कारण कुंपणातच पैसे संपलेले असतात.

कुंपणच नको असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. तसे म्हणणे शहरात बसून सोपे आहे. कलघटगीच्या जंगलकाठच्या शेतकऱ्याला विचारा, मक्याची कणसे भरू लागली की रानडुकरे एका रात्रीत काय करतात ते. पूर्वेकडे नवलगुंदच्या सपाट रानात काळवीट येते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला हात लावता येत नाही, आणि तो नसावा असे शेतकऱ्यालाही वाटत नाही. पण हरभऱ्याचे कोवळे शेंडे गेले की तो बिचारा करणार काय? मोकाट जनावरे आहेत, पंपाची केबल कापून नेणारे चोर आहेत. गावात राहणाऱ्या शेतकऱ्याचे डोळे शेतावर असतात. आठवड्यातून एकदा येणाऱ्या मालकाला डोळ्यांच्या जागी तार लावावी लागते. एवढे मान्यच केले पाहिजे.

माझे म्हणणे एवढेच, की आपण कुंपण उलट्या क्रमाने घालतो, आणि त्या घाईत जे बंद होते ते आपल्याला दिसत नाही, कारण ते आपले नसते.

आपल्या भागात शेताला चारी बाजूंनी बंद करण्याची रीत फारशी नव्हती. कोकणात दगडाचा गडगा असतो, परसाला वई असते. इकडे खळ्याभोवती किंवा भाजीच्या वाफ्याभोवती बोरी-बाभळीच्या फांद्यांची कुपाटी असे, आणि तीही हंगामापुरती. बाकी सारे रान बांधावर चाले. पीक उभे असताना बांध म्हणजे हद्द. त्या हद्दीच्या आत दुसऱ्याचे जनावर शिरले तर ते धरून चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात घालण्याचा अधिकार १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्याने शेतकऱ्याला दिला होता. म्हणजे जनावर राखणे ही जनावरवाल्याची जबाबदारी, पीकवाल्याने तटबंदी उभारावी अशी अपेक्षा नव्हती. ज्वारी निघाली, सुगी आटोपली की हेच रान सर्वांचे होई. धसकटांत गावची गुरे फिरत, पोरे बोरे गोळा करीत, भूमिहीन बाया जळण आणि सांडलेली कणसे वेचीत. याची कुठे नोंद नव्हती. पहाणीपत्रिकेत ‘सुगीनंतर गावाची गुरे’ असा रकाना नसतो. पण ज्याच्याकडे दोन शेळ्या आणि शून्य गुंठे जमीन आहे, त्याचा संसार अशा न नोंदलेल्या रकान्यांवरच चालत असे.

मेंढरांचे उदाहरण घ्या. सुगीनंतर बेळगाव, बागलकोटकडचे कुरुब आपले कळप घेऊन या भागातून हिंडतात. महाराष्ट्रात धनगर हेच करतात. शेतकरी त्यांना बोलावून रात्री शेतात मेंढरे बसवतो, त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. दोन-चार रात्रींत लेंडी आणि मूत्र यांचे खत आपसूक सबंध शेतभर पसरते. त्याला गाडीभाडे नाही, पसरायला मजूर नाही. मेंढरे रात्री इकडेतिकडे जाऊ नयेत म्हणून धनगर भोवती दोरीची जाळी लावतात, तिला वाघर म्हणतात. संध्याकाळी लावायची, सकाळी गुंडाळून घोड्यावर टाकायची. कुंपणाचे हे रूप मला नेहमी विचार करण्यासारखे वाटत आले आहे. वाघर जनावरांना आत ठेवते, पण जमीन कोणाची हे सांगत नाही. आता एकामागून एक शेते जाळीने बंद झाली की कळपाची वाट तुटते. वाट तुटली की कळप डांबरी रस्त्यावर येतो, आणि मग आपण मोटारीची काच खाली करून मेंढपाळावर खेकसतो.

वाटेचा प्रश्न मेंढरांपुरता नाही. नव्या कुंपणावरून जी भांडणे होतात त्यांत हद्दीच्या भांडणाइतकीच वाटेची असतात. आपण शेत घेतो ते रस्त्याकाठचे. त्याला भाव जास्त, पण मोटार थेट जाते. त्याच्या मागे आणखी चार शेते असतात, आणि त्या चौघांची बैलगाडी आपण घेतलेल्या शेताच्या कडेने जात आलेली असते. मूळ मालकाच्या बापाच्या काळापासून जाते. विकणारा हे सांगत नाही, घेणारा विचारत नाही, आणि दस्त लिहिणाऱ्याच्या ठरीव मजकुरात ‘कोणताही बोजा नाही’ हे वाक्य छापलेलेच असते. जूनमध्ये मागचा शेतकरी बी-बियाणे घेऊन येतो तो फाटकाला कुलूप पाहतो.

कायदा याबाबत मुका नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या तेराव्या कलमाप्रमाणे एकाच जमिनीचे तुकडे होऊन एखादा तुकडा आत अडकला, आणि दुसरी वाटच नसली, तर गरजेपुरती वाट त्याला मिळते. पंधराव्या कलमाप्रमाणे वीस वर्षे उघडपणे, शांततेने आणि हक्काच्या भावनेने वापरलेली वाट हा हक्कच होऊन बसतो. नव्या मालकाला कागद दाखवून तो पुसता येत नाही. उलट बाविसावे कलम जमीनमालकाचीही सोय पाहते. वाटेचा हक्क त्याला कमीत कमी त्रास होईल असा वापरला पाहिजे, आणि तो एका ठरावीक पट्ट्यापुरता मर्यादित करा अशी मागणी तो करू शकतो. म्हणजे शेताच्या मधून जाणारी गाडी कडेने न्यायला लावणे शक्य आहे, बंद करणे शक्य नाही. हे सगळे न्यायालयात सिद्ध करायला वर्षे जातात हे खरे. पण ती वर्षे कोणाची जातात? आपला पगार पहिल्या तारखेला होतो. मागच्या शेतकऱ्याचा पेरणीचा वाफसा आठ दिवसांत निघून जातो. न्यायालय निकाल देईपर्यंत जमीन वाफशावर थांबत नाही. म्हणूनच कुलूप लावणाऱ्याचे पारडे कायद्याने हलके असूनही व्यवहारात जड असते, आणि सुशिक्षितांनी या जड पारड्यात बसू नये असे मला वाटते.

बरे, ही वाट शोधून काढणे काही अवघड नाही. इंग्रजांनी १८४० च्या दशकात या जिल्ह्याची मोजणी केली. गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालाने जी पद्धत पक्की झाली, तीच मुंबई इलाख्याच्या मोजणीचा पाया ठरली, आणि धारवाड १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबईकडेच होते. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. गावच्या नकाशावर गाडीवाट तुटक रेघांच्या जोडीने आणि पायवाट एकेरी तुटक रेघेने दाखवलेली असते. तो नकाशा आजही मिळतो. महसूल खात्यात गेलेल्या मराठी माणसाला तर तेथे परकेपणाही वाटू नये. आकारबंद, टिप्पण, हद्दबस्त, फोडी, गायरान, खातेदार हे शब्द इथले कन्नड कारकून रोज वापरतात. हद्दीच्या दगडाला कन्नडमध्ये ‘बांदु कल्लु’ म्हणतात, त्यात मराठी कानाला बांधच ऐकू येतो. दोन्ही भाषांनी भांडायला ठेवलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत, पण जमिनीवरून भांडायचे तर शब्द मात्र दोघींचे एकच!

तेव्हा क्रम असा हवा. आधी भूमापन खात्याकडे हद्दबस्तासाठी अर्ज करून मोजणी. मोजणीच्या दिवशी चारी शेजाऱ्यांना स्वतः घरी जाऊन बोलावणे. नुसती नोटीस पाठवून नव्हे. दगड कुठे आहेत ते सर्वांसमक्ष पाहणे. मग एक पावसाळा काहीही न बांधता काढणे. हे शेवटचे ऐकून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतील, पण एका पावसाळ्यात शेत जे सांगते ते दहा दलाल सांगत नाहीत. पाणी कोठून येते, कोठे साचते, कोठून बाहेर पडते, कोण कोणत्या बाजूने चालत जातो, रानडुक्कर कोणत्या कोपऱ्यातून शिरते, सगळे कळते. जाळीखाली फूटभर उंचीची सलग भिंत घालण्याची आता फॅशन आहे. ती उताराला आडवी आली की वरच्या शेजाऱ्याच्या शेतात तळे होते. आपले शेत कोरडे आणि त्याची मिरची पाण्यात! त्याने रात्री येऊन भिंतीला भोक पाडले तर दोष कोणाचा?

काळ्या जमिनीत तर ती भिंत आपल्यालाही टिकत नाही. आपल्या गावाची गंमत अशी, की धारवाडच्या पश्चिमेला तांबडी माती आणि पूर्वेला हुबळी ओलांडली की काळी. तांबड्या मातीत दोन फूट खड्डा, त्यात खांब, भोवती दगड ठोकले की पुष्कळ झाले. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिला हात आत जाईल अशा भेगा पडतात. त्यामुळे उथळ पुरलेला खांब दर वर्षी थोडा उचलला जातो, तिसऱ्या वर्षी तारेची ओळ दारू प्यायल्यासारखी चालते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल, रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा मातीसाठी तळाशी कंदासारखा फुगवटा असलेले पाये प्रचारात आणले. कुंपणाच्या खांबाला एवढा खर्च नको, पण तत्त्व तेच वापरावे: खड्डा खाली रुंद आणि वर अरुंद, तळाशी काँक्रीट, वरच्या भागात काळ्या मातीऐवजी मुरूम. लाकडी खांब घालणार असाल तर जमिनीलगतच वाळवी लागते, म्हणून बुडखा भाजून किंवा डांबर लावून पुरावा. आपल्याकडे मिळणारे दगडी खांब मला सर्वांत उत्तम वाटतात. त्यांना गंज नाही, वाळवी नाही, आणि शेत विकायची वेळ आली तर ते तसेच उपटून नेता येतात.

खर्चाचा एक हिशेब लोक करीत नाहीत, तोही सांगून टाकतो. एक एकर जमीन चौरस असेल तर बाजू सुमारे २०९ फूट आणि घेर ८३५ फूट. चार एकर चौरस असेल तर घेर १६७० फूट. म्हणजे क्षेत्र चौपट आणि कुंपण फक्त दुप्पट. उलट तोच एक एकर ६६ फूट रुंद आणि ६६० फूट लांब पट्टी असेल, आणि वाटण्या होऊन होऊन आपल्याकडे पट्ट्याच उरल्या आहेत, तर घेर १४५२ फूट होतो. आठ फुटांवर एक खांब धरला तर १८० च्या वर खांब. जमीन जेवढी लहान आणि लांबट, तेवढे कुंपण जमिनीच्या उरावर. एका एकराच्या पट्टीला जाळी घालणाऱ्याने हिशेब करून पाहावा, की त्या पैशात ठिबक सिंचन किंवा शेततळे झाले असते का. आणि शेजारच्या तिघांनी मिळून बाहेरून एकच कुंपण घातले तर मधल्या सर्व रेघा वाचतात. पण त्यासाठी शेजाऱ्याशी बोलावे लागते, आणि कुंपण घालण्यामागे पुष्कळदा न बोलण्याचीच इच्छा असते.

आता फाटक. बैलगाडीला आठ फूट पुरत, पण कडब्याची भरलेली गाडी, ट्रॅक्टर-ट्रॉली आणि भाड्याने येणारे कापणीयंत्र यांना बारा ते चौदा फूट हवेत. फाटक रस्त्याच्या अगदी कडेला नको. वीस-पंचवीस फूट आत घ्यावे, म्हणजे कुलूप काढेपर्यंत ट्रॅक्टर रस्त्यावर आडवा राहत नाही. ते आत उघडावे. पाखे लोंबू नये म्हणून तिरका पट्टा खालच्या बिजागरीपासून कडीच्या वरच्या कोपऱ्याकडे जावा. पुष्कळ लोहार तो दिसायला बरा वाटेल तसा लावतात, आणि वर्षभरात फाटक जमीन खरवडू लागते. फाटकाचे दोन खांब इतर खांबांहून जाड आणि खोल असावेत, त्यांच्या लांबीचा तिसरा हिस्सा जमिनीत जावा.

आणि फाटकाला दिंडी असावी. जुन्या वाड्यांच्या आणि किल्ल्यांच्या महाद्वाराला एक लहान दार असते, तो दिंडी दरवाजा. मोठे दार रात्री बंद झाले तरी माणूस वाकून आत-बाहेर करू शकतो, घोडेस्वार करू शकत नाही. ज्यांना आपले वैभव हत्तीच्या सोंडेपासून वाचवायचे होते त्यांनाही माणसासाठी वेगळे दार ठेवावेसे वाटले, आणि आपल्याला दोन एकर मक्यासाठी वाटू नये? दिंडी अडीच फुटांची असावी, तिला नुसती कडी असावी, कुलूप नको. पाणी मागायला येणारी बाई, पायवाटेने शाळेला जाणारी पोरे, मागच्या शेतातला गडी यांच्यासाठी ती आहे. गाडीवाट असेल तर मोठ्या फाटकाची एक किल्ली मागच्या शेतकऱ्याकडे द्यावी. वाटेवर फाटक बसवणे म्हणजे वाट अडवणे नव्हे. किल्ली न देणे म्हणजे अडवणे.

हा विचार काही भाबडा नाही, तो इतरांनी रक्त सांडून शिकलेला आहे. अमेरिकेतील इलिनॉय प्रांतात जोसेफ ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याने १८७४ साली काटेरी तारेचे पेटंट घेतले. स्वस्त तार मिळताच टेक्ससमध्ये मोठ्या पशुपालकांनी मैलोगणती रान बंद केले, कित्येकांनी तर सरकारी रस्ते आणि दुसऱ्यांचे पाणवठेही आत घेतले. १८८३ साली लोक रात्री टोळ्यांनी जाऊन तारा तोडू लागले, माणसे मेली. १८८४ साली तेथील विधिमंडळाने तार तोडणे हा गंभीर गुन्हा ठरवला, आणि त्याच वेळी असेही बजावले की सार्वजनिक रस्ता अडवणाऱ्या कुंपणवाल्याने दर तीन मैलांवर फाटक ठेवून ते चालू स्थितीत राखावे. मालकाचे रक्षण केले, पण फाटकाची अट घालून. इंग्लंडमध्ये अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत संसदेने कायदे करून करून गावराने खासगी केली, गरिबांची चराई गेली, ते शहरांच्या कारखान्यांकडे लोटले गेले. पुढे १९४९ साली त्याच संसदेला पायवाटांची नोंद असलेले नकाशे करण्याचा कायदा करावा लागला. आपल्याकडे वाटेचे नकाशे आधीपासूनच आहेत. फक्त फाटक बसवण्यापूर्वी ते कुणी उघडत नाही.

तारेऐवजी झाडांचे कुंपण का नाही, हा प्रश्न मला नेहमी पडतो. उत्तर ठरलेले असते: वेळ लागतो. लागतोच. पण ह्यूमसाहेबांची गोष्ट ऐका. हेच ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, ज्यांनी पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला. १८६७ ते १८७० या काळात ते अंतर्गत जकातीचे आयुक्त होते. मिठावरचा कर चुकू नये म्हणून सरकारने सिंधूपासून बुऱ्हाणपूरपर्यंत देश तोडणारी काट्यांची ओळ घातली होती. आरंभी ती वाळलेल्या काट्यांची होती. तिला वाळवी खाई, वणवा जाळी, वादळ उडवून नेई, दर वर्षी नवी घालावी लागे. ह्यूम यांनी जिवंत कुंपणावर भर दिला, आणि जमीन हलकी असेल तेथे मातीचा बांध घालून त्यावर बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, थोर लावण्याची पद्धत चालवली. हेतू दुष्ट होता. गरिबाच्या चिमूटभर मिठासाठी उभारलेली ती भिंत १८७९ साली सोडून देण्यात आली, ते बरेच झाले. पण झाडांच्या बाबतीत साहेबाचे चुकले नव्हते.

आपल्या हवेत करवंद (कन्नडमध्ये कवळी), सागरगोटा म्हणजेच गज्जुग, घायपात म्हणजेच कत्ताळी, शेर, बांबू हे सहज येते. दोन ओळी करवंदाच्या आणि मध्ये एखादा गिरिपुष्पाचा खांब, म्हणजे तीन-चार वर्षांत डुकरालाही विचार करावा लागेल असे कुंपण होते. वर फळ, हिरवळीचे खत, पाखरांना घरटी. तोपर्यंत तारेच्या दोन ओळी पुरतात. घाणेरी मात्र लावू नका, ती आपल्या बांधावर राहत नाही, गावभर जाते. एकाच झाडावर भिस्तही नको. फड्या निवडुंगाची कुंपणे एके काळी दख्खनभर होती. तो माजला म्हणून १९२६ साली दक्षिणेत एक कीटक सोडण्यात आला, आणि थोड्याच वर्षांत मैलोमैल निवडुंग साफ झाला. ज्यांची कुंपणेच निवडुंगाची होती त्यांची शेते उघडी पडली असतील, तो हिशेब कुणी ठेवला आहे की नाही कुणास ठाऊक.

विजेच्या कुंपणाविषयी दोनच शब्द. ठरावीक अंतराने क्षणभर झटका देणारे यंत्र वेगळे, आणि पंपाच्या खांबावरून आकडा टाकून तारेत थेट वीज सोडणे वेगळे. दुसरा प्रकार गुन्हा आहे, आणि त्याने डुकराइतकाच अंधारात पाणी द्यायला आलेला शेजारी मरतो.

एक गोष्ट आपल्या पिढीत उघड बोलली जात नाही, ती येथे लिहितो. मुंबई राज्यात १९४८ चा कूळकायदा आला तेव्हा ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा होती. कर्नाटकात देवराज अरसांच्या काळात १ मार्च १९७४ पासून कुळांकडच्या जमिनी सरकारजमा होऊन कुळांना मिळू लागल्या, तेव्हाची घोषणा ‘उळुववने ओडेय’, तिचा अर्थही तोच. धारवाडच्या कित्येक पांढरपेशा घरांच्या जमिनी या दोन कायद्यांत गेल्या. मराठी बोलणाऱ्यांच्या गेल्या, कन्नड बोलणाऱ्यांच्याही गेल्या. त्यांची हळहळ मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. पण जमीन गेली त्याचे कारणही लक्षात ठेवले पाहिजे. आपण शहरात होतो आणि जमीन दुसरा कसत होता. आता त्याच घरांतली नातवंडे पगाराच्या पैशावर पुन्हा जमीन घेत आहेत, आणि कित्येकदा विकणारा हा त्या वेळी जमीन मिळालेल्या कुळाचा नातू असतो, मुलीच्या लग्नासाठी किंवा कर्जापायी विकणारा. त्याचा गडी म्हणून आपल्याच शेतावर ठेवून घेतल्याची उदाहरणेही आहेत. अशा वेळी फाटकाचे कुलूप नुसते चोरासाठी आहे असे गाव मानत नाही.

कुंपणच शेत खाते अशी आपली म्हण आहे. कन्नडमध्ये तीच ‘बेलीये एद्दु होल मेय्दंते’ अशी ऐकू येते, आणि बसवण्णांच्या एका प्रसिद्ध वचनातही कुंपणाने पीक चरल्याचा दाखला आहे. म्हणीचा अर्थ आपण राखणदाराला लावतो. काळ्या मातीतल्या सिमेंटच्या खांबांचे बिल पाहिल्यावर मला ती शब्दशः खरी वाटू लागली आहे.

राहिली पाटी. फाटकावर बहुधा इंग्रजीत काहीतरी ‘फार्म’ लिहिलेले असते आणि त्याखाली ‘परवानगीशिवाय प्रवेश नाही’, तेही इंग्रजीत. जो वाचायला हवा त्याला ते वाचता येत नाही, आणि ज्याला वाचता येते तो तेथून मोटारीतून जातो. शेताला नाव असतेच. गाव त्याला हुणसी होल म्हणत असेल, म्हणजे चिंचेचे शेत, मग चिंच तोडून चाळीस वर्षे झालेली का असेनात. किंवा ‘दोड्डी मागचे’, किंवा एखाद्या मेलेल्या म्हातारीचे. ते नाव विचारून घ्यावे आणि रंगाऱ्याकडून तेच मोठ्या कन्नड अक्षरांत लिहवून घ्यावे, हवे तर खाली मराठीत. पोस्टमन आणि पंप दुरुस्त करणारा दोघेही त्या नावानेच विचारीत येतात.